कात्रीचे दोन ठोके

मास्तरांना खोटं बोलता येत नाही, असं मी एकोणीस वर्षं सगळ्यांना सांगत आले, आणि एका दुपारी त्यांनीच मला तोंडघशी पाडलं.

मास्तर म्हणजे आमचे शिंपीमास्तर. मी त्यांच्या दुकानात काज-बटणं आणि हातशिलाई करते. दुकान म्हणजे उताराच्या रस्त्यावरची एक लांबोडकी खोली. पुढे काचेचं दार, मग कापायचं मोठं टेबल, दोन शिलाई मशीनं, कडा बांधायचं एक मोठ्या आवाजाचं मशीन, आणि अगदी मागे पडद्याआड कपडे घालून बघायची जागा. नवीन कपडे मास्तर आता फारसे शिवत नाहीत. लोक तयार कपडे घेतात, ते अंगाला बसत नाहीत आणि मग आमच्याकडे येतात. पँट आखूड करा, खांदा आत घ्या, कंबर सोडा. कपडा कुठे उसवला आणि कुठे शिवला हे घालणाऱ्यालासुद्धा सापडू नये, असं मास्तरांचं काम.

माप घेताना त्यांचा एकच नियम आहे. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की श्वास ओढून पोट आत घेतं. सगळेच घेतात. मास्तर टेप धरून नुसते थांबतात आणि शेवटी म्हणतात, "पोट सोडा. माप घ्यायचंय, फोटो काढायचा नाहीये." एकदा एका मोठ्या हुद्द्याच्या साहेबांना त्यांनी असं चांगली चार मिनिटं उभं केलं होतं. साहेब लालेलाल झाले, पण पँट अशी बसली की त्यानंतर ते दुसऱ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. पोट चोरून घेतलेलं माप उभ्या माणसाला बरोबर येतं, तो खुर्चीत बसला की बटण उडतं, असं मास्तरांचं म्हणणं. उडालेलं बटण माझ्याकडेच येतं, त्यामुळे मला हे पटतं.

दीड वर्षापूर्वी आमच्या दुकानात एक माणूस वाढलं. मास्तरांची नात. त्यांची लेक औषधांच्या दुकानात काउंटरला उभी असते, जावई ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा पोरगी सकाळी आजोबांबरोबर दुकानात यायची आणि संध्याकाळी आई घेऊन जायची. अलीकडे मधले दोन तास ती शेजारच्या बालवाडीत जाऊ लागली होती. बाकी दिवसभर तिचा मुक्काम कापायच्या टेबलाखाली. रिकामी रिळं उभी करून ती फिरवायची, एक थांबलं की दुसरं, आणि गाल जमिनीला टेकवून ती फिरताना बघायची. फिरकी हे नाव मीच ठेवलं. मास्तरांना ते आवडलं नव्हतं, पण आठवड्याभरात तेही तसंच म्हणू लागले.

फिरकी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. शिलाई मशीन चालू असलं की त्याच सुरात गुणगुणायची, पण शब्द म्हणून एक नाही. काही हवं असेल तर ती आपला हात धरायची आणि एखादं हत्यार उचलावं तसा त्या वस्तूवर नेऊन ठेवायची. तोंडाकडे बघायची नाही. माझा हात तिनं पहिल्यांदा धरला तेव्हा मी चार दिवस ते लोकांना सांगत फिरत होते.

मास्तरांनी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. कपड्याच्या आतली पट्टी टोचली की ती ओरडायची, म्हणून त्यांनी तिच्या सगळ्या कपड्यांच्या पट्ट्या उसवल्या. मग शिवण टोचते म्हणून झबली उलटी शिवली, शिवण बाहेरच्या अंगाला. बटणं नकोत, म्हणून सगळं इलॅस्टिकचं. मोठ्या मशीनचा आवाज तिला सोसायचा नाही, म्हणून ती बालवाडीत गेली की दोन तासांत आम्ही दिवसभराच्या कडा बांधून घ्यायचो. हाक मारली तर ती वळायची नाही. मास्तरांनी त्यावरही तोड काढली. मोठी कात्री मिटून टेबलाच्या कडेवर दोनदा ठोकायची, टक टक. की फिरकीनं मान वर केलीच.

आणि हे सगळं इतकं सफाईनं झालं की आम्हा दोघांना त्यात काही वेगळं दिसेनासं झालं. मास्तरांची शिलाईच तशी, जोड दिसत नाही.

बालवाडीच्या बाईंना मात्र दिसला. त्यांच्याकडे ना कात्री होती ना उलटी शिवण. एके दिवशी त्यांनी लेकीला बोलावून घेतलं, एक फॉर्म दिला आणि समजावून सांगितलं की लहान मुलांची वाढ नीट होते आहे का, बोलणं, खेळणं, समजणं, हे बघणारं एक तपासणी केंद्र आहे. नेलंच पाहिजे अशी सक्ती नाही. घरच्यांनी फॉर्म भरून दिला की केंद्रवाले बघतात आणि गरज वाटली तर तारीख देतात. काही नसेल तर उत्तमच, असेल तर या वयात कळलेलं बरं. शुक्रवारपर्यंत द्या.

लेक तो कागद घेऊन तडक दुकानात आली. तिचे डोळे सुजलेले होते. मी काजाकडे बघत राहिले, पण कान तिकडेच. तिचं म्हणणं असं, की आपण सकाळी एक तास आणि रात्री दोन तास आई असतो, त्यातही पोरगी अर्धी झोपेत. दिवसभर तिला ओळखतात ते बाबा. "तुम्हीच भरा, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल जायचं, तर जाऊ. नाही म्हणाल तर माझ्या डोक्यातला हा भुंगा तरी थांबेल."

मास्तरांनी फॉर्म टेबलावर पसरला, वर लोखंडी वजन ठेवलं आणि कानावरची पेन्सिल काढली. ते पेनानं कधीच काही लिहीत नाहीत, शिंपी जी खूण करतो ती पुसता आली पाहिजे. प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकोन होते: नेहमी, कधीकधी, नाही. मी इस्त्रीला जाण्याच्या निमित्तानं मागून डोकावले.

हाक मारल्यावर वळून बघते का? नेहमी. हवी ती वस्तू बोटानं दाखवते का? नेहमी. स्वतःचे कपडे घालायला मदत करते का? नेहमी. इतर मुलांत खेळते का? इथे पेन्सिल थोडी थांबली. कधीकधी.

माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली. एकोणीस वर्षांत ज्या माणसानं अर्धा इंच इकडचा तिकडे लिहिला नाही, तो एका ओळीत सगळं नेहमी नेहमी करत सुटला होता. मी म्हटलं, मास्तर, ती हाकेला कुठे वळते? ते वर न बघता म्हणाले, वळते की, कात्री वाजवली की वळते, म्हणजे कान चांगले आहेत, प्रश्न त्यासाठीच असणार. मी म्हटलं, बोट कुठे दाखवते? म्हणे हात धरून नेते, ते बोट दाखवण्यापेक्षा पुढचं झालं. माझा राग नाकावरच असतो. मी म्हटलं, तुम्ही पोरीला पाठीशी घालताय. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मग कुणी घालायचं?"

फॉर्म घडी होऊन खडूच्या खणात गेला. लेकीला त्यांनी फोनवर सांगितलं की सगळं ठीक आहे, आमच्याकडे उशिराच बोलतात. ती फोनवर इतकी हसली की मला टेबलापलीकडे ऐकू आलं. तिचा जीव भांड्यात पडला, माझा मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. धागा हवा असला तर मागायचे, मी टेबलावर आपटायचे. चहाच्या वेळी त्यांनीच विषय काढला. ते स्वतः चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते. शाळेत घातलं तर फळ्यावरची अक्षरं त्यांना हललेली दिसायची. एका सकाळी मोठे गुरुजी आले, पाच मिनिटं प्रश्न विचारले आणि वहीत एक शब्द लिहिला. मंद. वडिलांना तो वाचून दाखवला. पुढच्या आठवड्यात मास्तर शिंप्याच्या दुकानात बटणं निवडत बसले होते. वय वर्षं नऊ. वाचायला ते कधी शिकले? कापड गुंडाळून यायचं त्या वर्तमानपत्रांवर, एकट्यानं, पंचविशी उलटल्यावर.

"पाच मिनिटांचं माप होतं, ताई," ते म्हणाले. "आयुष्यभर अंगावर वागवलं. तिच्या बाबतीत कुणाला वही उघडू देणार नाही मी."

एकोणीस वर्षं मी या माणसासमोर बसते आणि मला एवढंसुद्धा ठाऊक नव्हतं. माझा राग निम्मा उतरला. निम्मा राहिला, कारण त्यांचं दुखणं खरं असलं तरी फॉर्म खोटाच होता.

बुधवारी एका हॉटेलच्या नोकरांच्या गणवेशांची मापं घ्यायला मास्तरांना तिकडे जावं लागलं. फिरकी माझ्याकडे. मी निर्धास्त होते. एवढे दिवस बघते आहे, मला काय तिची माहिती नाही? ते जाऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच ती टेबलाखालून बाहेर आली, माझा हात धरला आणि स्वतःच्या बुटावर ठेवला. मी बूट काढला. ती ओरडली. मी बूट घातला. ती आणखी ओरडली. तिनं पुन्हा हात धरून बुटावर ठेवला. मी तिला बाहेर फिरवून आणलं, वाटलं चालायचं असेल. पाणी दिलं, बिस्कीट दिलं, सगळी रिळं एकदम फिरवली. तिनं माझा हात धरून धरून शेवटी सोडून दिला. मग ती भिंतीशी गेली, तोंड भिंतीकडे केलं आणि बारीक आवाजात रडत राहिली. मोठ्यानं रडणारं मूल परवडलं. हे रडणं कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हतंच. मी शेजारी जमिनीवर बसून राहिले आणि मलाही रडू आलं. पन्नाशीची बाई, पदरानं डोळे पुसत तीन वर्षांच्या पोरीला विचारत होते, काय गं, काय हवंय तुला.

मास्तर तासाभरानं आले. त्यांनी दारातूनच एक नजर टाकली, टेप गळ्यात तसाच, खाली बसले, बूट काढला, मोजा उलटा करत टोकापर्यंत आणला. मोज्याच्या टोकाशी आतून दोऱ्याचा एक फेर सुटला होता. त्यांनी तो दातानं तोडला. फिरकी त्याच क्षणी गप्प झाली. मी तिचा पाय हातात घेतला. करंगळीला तो दोरा गुंडाळला गेला होता. तिथे लाल वळ उठला होता, बोट चांगलं सुजलं होतं.

"एक तास," मी म्हटलं. "एक तास ती मला सांगत होती, मास्तर. तुम्ही नसाल तेव्हा तिनं कुणाला सांगायचं?"

तो तोडलेला दोरा त्यांनी बराच वेळ बोटांत धरून ठेवला होता.

मला वाटलं, झालं, आता खण उघडतील. कसलं काय. गुरुवारी ते मुकाट कामाला लागले. फिरकीचे सगळे मोजे मात्र उलटे करून तपासले, जणू प्रश्न मोज्यांचाच होता. मी कपाळावर हात मारून घेतला.

शुक्रवारी सकाळी एक गिऱ्हाईक आलं. गोल चेहऱ्याचे, हसरे, पोट सुटलेले गृहस्थ. मुलाखतीसाठी कोट सैल करून हवा होता. आरशासमोर उभे राहिले आणि रीतसर पोट आत. मास्तर टेप लावून थांबले. मग सवयीनं म्हणाले, "पोट सोडा. माप घ्यायचंय, फोटो..."

तिथेच थांबले. गृहस्थ आरशातून त्यांच्याकडे बघू लागले. टेबलाखाली रीळ फिरत असल्याचा आवाज येत होता. मास्तरांनी टेप गळ्यात टाकला, गृहस्थांना म्हणाले, साहेब, दोन मिनिटं बसा, आणि खडूचा खण उघडला. फॉर्म काढला, घडी हातानं साफ केली आणि खोडरबर घेऊन बसले. दोन मिनिटांची वीस झाली. गृहस्थ भले, त्यांनी मला कुठे राहता वगैरे विचारलं. मी काय उत्तरं दिली कोण जाणे, माझं सगळं लक्ष त्या खोडरबराच्या आवाजाकडे होतं.

हाकेला वळते का? नाही. बोटानं दाखवते का? नाही. कपडे? नाही. प्रत्येक खुणेला त्यांचा हात जड होत होता, मला दिसत होतं. पण शेवटी एक प्रश्न होता, आणखी काही सांगायचं आहे का, आणि त्याखाली तीन रिकाम्या ओळी. त्या तीन ओळी त्यांना पुरल्याच नाहीत. मग गिऱ्हाइकांची मापं लिहायच्या वहीतलं एक पान फाडलं, ते भरलं, आणखी एक फाडलं. कात्री दोनदा वाजवली की वळते. हात बुटावर ठेवला तर आत काहीतरी टोचतं आहे. गाल जमिनीवर असेल तर खुशीत आहे, उठवू नये. मशीनच्या सुरात गाते, सूर चुकत नाही. दुपारी लेकीला बोलावून फॉर्म तिच्या हातात देताना त्यांनी सांगितलं की मी आधी चुकीचं भरलं होतं. ती कागद वाचता वाचता खाली बसली. रडली, पण मग डोळे पुसून स्वतःच बालवाडीत देऊन आली.

तारीख महिन्याभरानं मिळाली. मास्तरांनी मला बरोबर यायची गळ घातली. म्हणाले, तुम्ही असाल तर मी मध्ये मध्ये बोलणार नाही, तुमचा धाक आहे मला. दुकानाला कुलूप लागलं. लेक, फिरकी, मास्तर आणि मी. जाताना मास्तरांच्या कोटाचा खिसा जड लोंबत होता. मोठी कात्री. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

खोली साधीच होती. खाली सतरंजी, एका टोपलीत खेळणी, एक बुटकं लाकडी टेबल. तपासणी करणाऱ्या बाई माझ्या भाचीच्या वयाच्या. त्या खुर्चीत बसल्याच नाहीत, सतरंजीवर फिरकीपासून हातभर लांब बसल्या आणि तशाच बसून राहिल्या. फिरकीला टोपलीत चाक सापडलं होतं. ते फिरत होतं.

मग बाईंनी तिच्या नावानं हाक मारली. फिरकी वळली नाही.

मास्तरांचा हात खिशात गेला. मी त्यांच्या शेजारीच होते, कोटाच्या कापडातून मला त्यांची मूठ दिसत होती. बाईंनी पुन्हा हाक मारली. चाक फिरत राहिलं. माझ्यासुद्धा मनात आलं की वाजवा एकदा, वळू दे बिचारीला, त्या बाईंना कळू दे आमची पोरगी काय आहे ती. लेकीनं माझं मनगट धरलं. बाईंनी तिसरी हाक मारली. मास्तरांनी हात रिकामाच बाहेर काढला, मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं तो दाबून धरला. फिरकी वळली नाही. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मास्तरांनी डोळे मिटले.

लिहून झाल्यावर बाईंनी फॉर्मला टाचलेली ती दोन फाटकी पानं वर काढली. म्हणाल्या, आज एका दिवसात मी काहीच ठरवणार नाही, अजून दोन-तीनदा यावं लागेल. पण हे कुणी लिहिलंय? मास्तरांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. त्या म्हणाल्या, आजोबा, मला महिना लागला असता हे शोधायला. मग त्यांनी हात पुढे केला.

"ती कात्री आणलीय का?"

मास्तरांनी कात्री काढली आणि पाती आपल्याकडे, मूठ त्यांच्याकडे करून दिली. बाईंनी ती मिटूनच धरली, सरकत टेबलाशी गेल्या आणि त्याच्या कडेवर दोनदा ठोकली. टक टक.

फिरकीनं मान वर केली आणि वळून बघितलं. आधी कात्रीकडे, मग ती धरणाऱ्या हाताकडे. हात आजोबांचा नव्हता. ती थोडा वेळ तशीच बघत राहिली. मग हातातलं चाक घेऊन रांगत गेली, बाईंचा हात धरला आणि त्या चाकावर नेऊन ठेवला.

मास्तर रडत होते. लपवत नव्हते. मी त्यांना माझा रुमाल दिला आणि म्हटलं, "बघा, सांगितलं तिनं दुसऱ्या कुणाला तरी."

त्यांनी मान हलवली. सतरंजीवर चाक फिरत होतं आणि त्या दोघी वाकून ते बघत होत्या.